जुन्या मोटारसायकलची शक्ती अचानक का हरपते?

मोटारसायकल ही भारतातील असंख्य कुटुंबांची पहिली मोठी खरेदी असते आणि अनेकांच्या उपजीविकेचे ते साधनही असते. दूध संकलन केंद्रावर कॅन पोहोचविणारा शेतकरी, पहाटे वृत्तपत्रे वाटणारा विक्रेता, गल्लोगल्ली फिरून दैनिक ठेव गोळा करणारा प्रतिनिधी किंवा औषधांच्या नमुन्यांची पेटी घेऊन तालुक्याच्या गावी जाणारा विक्री प्रतिनिधी, या सर्वांचा दिवस दुचाकीच्या किकने सुरू होतो. यांपैकी अनेकांकडे आजही जुन्या पिढीतील गाड्या आहेत. १९८५ साली भारतीय बाजारात आलेली हिरो होंडाची सीडी १००, त्याच वर्षी अवतरलेली यामाहाची आरएक्स १००, १९९४ साली आलेली स्प्लेंडर आणि त्याहीपूर्वीपासून चालत आलेली बुलेट ही या पिढीची परिचित नावे होत. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ हे प्रदूषण मानक लागू झाले आणि नव्या दुचाकींमध्ये कार्बोरेटरची जागा बहुतांशी इलेक्ट्रॉनिक इंधन अंतःक्षेपणाने घेतली. तथापि कार्बोरेटरवर चालणाऱ्या जुन्या गाड्या रस्त्यावरून नाहीशा झालेल्या नाहीत.

अशी एखादी गाडी, जी काल सायंकाळपर्यंत सुरळीत धावत होती, ती आज चढावर एकाएकी दम टाकते. मूठ पूर्ण पिळली तरी वेग वाढत नाही, मागून ट्रकचा भोंगा वाजू लागतो आणि चालकाच्या मनात पहिला विचार येतो तो ‘इंजिनचे काम निघाले’ हा. कित्येकदा गॅरेजमध्येही हाच निष्कर्ष घाईने काढला जातो. वस्तुतः अचानक शक्ती जाण्याची बहुतेक कारणे इंजिनच्या बाहेर असतात आणि ती थोडक्या खर्चात दूर होऊ शकतात. निदान क्रमाने केले, तर ती सापडतातही. हा क्रम समजून घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

शक्तीचे चार आधार

स्प्लेंडरसारख्या गाडीचे इंजिन ९७.२ घन सेंटिमीटर क्षमतेचे असते. त्याच्या सिलिंडरचा व्यास अवघा ५० मिलिमीटर असतो. या छोट्याशा पोकळीत पिस्टन खाली जाताना पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आत घेतो, वर येताना ते दाबतो, प्लगच्या ठिणगीने ते पेटते, निर्माण झालेल्या दाबाने पिस्टन पुन्हा खाली ढकलला जातो आणि शेवटी जळालेला वायू सायलेन्सरवाटे बाहेर पडतो. या चार टप्प्यांना इंजिनचे दोन फेरे लागतात. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर दर सेकंदाला ५० वेळा हे ज्वलन घडते. यांतील थोडी जरी ज्वलने चुकली, तरी चालकाला गचके जाणवतात. बरीच चुकली, तर गाडी ओढेनाशी होते.

याचा अर्थ असा की शक्तीचे चार आधार आहेत: पुरेसे पेट्रोल, पुरेशी हवा, वेळेवर पडणारी जोरदार ठिणगी आणि सिलिंडरमधील दाब. एक भाग पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. हे प्रमाण कोणत्याही बाजूने फार ढळले, तर ठिणगी उत्तम असूनही ज्वलन नीट होत नाही. या चारांखेरीज पाचवी गोष्ट म्हणजे निर्माण झालेली शक्ती क्लच, गिअर आणि साखळीमार्फत मागच्या चाकापर्यंत पोहोचणे. निदान म्हणजे या पाच ठिकाणांपैकी कोठे गळती आहे, हे एकेक करून तपासणे होय. खातेवहीचा ताळमेळ बसत नसेल तर सर्व नोंदी एकाच वेळी खोडून चालत नाही, तसेच येथेही आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि तिचा परिणाम पाहावा. प्लग, कार्बोरेटर आणि हवागाळणी एकाच दिवशी बदलली आणि गाडी सुधारली, तर दोष नेमका कशात होता हे कधीच कळत नाही. तो पुन्हा उद्भवला तर शोध पहिल्यापासून सुरू करावा लागतो.

अचानक की हळूहळू?

पहिला प्रश्न गाडीला नव्हे, चालकाने स्वतःला विचारावयाचा असतो. शक्ती खरोखर अचानक गेली काय? पिस्टनच्या रिंगा झिजणे, व्हॉल्व्हची बैठक खराब होणे, सायलेन्सरमध्ये काजळी साठणे या गोष्टींना महिने लागतात. त्यांचा परिणाम इतक्या सावकाश होतो की दररोज गाडी चालविणाऱ्याला तो जाणवतही नाही. याउलट पेट्रोलचा मार्ग तुंबणे, विजेची जोडणी सैल होणे किंवा क्लचची तार ओढली जाणे हे एका दिवसात, कधी एका क्षणात घडते.

दुसरा प्रश्न, दोष उद्भवण्यापूर्वी काय घडले? गाडी धुतली होती काय, पावसात उभी होती काय, नव्या पंपावर पेट्रोल भरले होते काय, गॅरेजमधून नुकतीच आली होती काय, कित्येक आठवडे बंद होती काय? या प्रश्नांच्या उत्तरांतच पुष्कळदा दोषाचा पत्ता दडलेला असतो.

तिसरा प्रश्न शक्ती कशा प्रकारे गेली हा. पेट्रोल संपत आल्यावर होते तसे इंजिन काही सेकंदांत मंदावत गेले, तर संशय पेट्रोलच्या मार्गावर घ्यावा. बटण बंद-चालू केल्याप्रमाणे इंजिन क्षणात तुटून पुन्हा पकडत असेल, तर ठिणगीकडे वळावे. इंजिनचा आवाज चढतो पण वेग चढत नाही, असे असेल तर क्लच तपासावा. आणि धातूवर धातू घासल्यासारखा आवाज येऊन गाडी मागे खेचली जात असेल, तर काहीही तपासत न बसता क्लच दाबून, गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे. अशा वेळी आणखी एक किलोमीटर ‘रेटून’ नेल्यास किरकोळ दुरुस्तीचे रूपांतर मोठ्या दुरुस्तीत होते.

आरंभी साध्या गोष्टी

हत्यार हातात घेण्यापूर्वी काही गोष्टी केवळ डोळ्यांनी आणि हातांनी तपासता येतात. पेट्रोलची तोटी पूर्ण उघडी आहे काय, ती रिझर्व्हवर नेल्याने फरक पडतो काय, चोकचा खटका सकाळपासून वरच राहिला आहे काय, मूठ पूर्ण पिळल्यावर कार्बोरेटरकडील तार शेवटपर्यंत ओढली जाते काय, हे पाहावे.

त्यानंतर गाडी मुख्य स्टँडवर घेऊन न्यूट्रलमध्ये मागचे चाक हाताने फिरवावे. ते सहज फिरले पाहिजे. ब्रेकचे लायनर घासत असतील किंवा साखळी अती ताणलेली असेल, तर इंजिन निर्दोष असूनही गाडी जड चालते. मागचा ब्रेक नुकताच घट्ट केला असेल तर ही शक्यता विशेष लक्षात घ्यावी. चाकातील हवा कमी असणे हेही जडपणाचे एक कारण असते.

प्रत्येक वेळी दोषच असतो असेही नाही. उंचावर हवा विरळ होते. समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवरील लेह येथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण ७० टक्के एवढीच असते. तेथे कार्बोरेटरच्या गाडीची जवळजवळ एक तृतीयांश शक्ती कमी होते, मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते आणि प्लग काळा पडू लागतो. डोंगराळ भागात बदली होऊन गाडी सोबत नेणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे.

पेट्रोलचा मार्ग

जुन्या गाडीत पेट्रोल टाकीतून खाली कार्बोरेटरमध्ये केवळ स्वतःच्या वजनाने उतरते. या उताराच्या वाटेवर चार अडथळे संभवतात: टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र, तोटीतील जाळी, रबरी नळी आणि कार्बोरेटरमधील जेट.

झाकणातील छिद्राचा दोष सर्वाधिक फसवा असतो. टाकीतून पेट्रोल खाली जाते तेव्हा त्याची जागा घेण्यासाठी या बारीक छिद्रातून हवा आत यावी लागते. धूळ, गंज किंवा पॉलिश यांनी छिद्र बुजले की टाकीत निर्वात तयार होतो आणि पेट्रोलचा प्रवाह मंदावतो. गाडी पंधरा-वीस मिनिटे उत्तम चालते, मग दम टाकते, थोडा वेळ उभी केली की हवा हळूहळू आत झिरपते आणि गाडी पुन्हा चालू लागते. तपासणी अगदी सोपी आहे. गाडीने दम टाकताच ती सुरक्षित जागी थांबवून झाकण उघडावे. हवा आत ओढली गेल्याचा सुस्कारा ऐकू आला आणि गाडी लगेच सुधारली, तर दोष सापडला.

पेट्रोल पुरेसे येते की नाही हे कार्बोरेटरच्या तळाशी असलेला निचऱ्याचा स्क्रू किंचित सैल करून पाहता येते. इंजिन थंड असताना, खाली काचेची बाटली धरून हे करावे. तोटी उघडी असताना पेट्रोलची धार अखंड राहिली पाहिजे. ती प्रथम जोरात येऊन नंतर थेंबांवर आली, तर कार्बोरेटरच्या कपातील साठा संपला आणि वरून पुरवठा होत नाही असा अर्थ होतो. मग झाकण उघडून पुन्हा पाहावे. धार पूर्ववत झाली तर छिद्र दोषी, न झाली तर तोटीतील जाळी किंवा नळी दोषी. नळी टाकीखाली दुमडली गेली असेल किंवा आतून फुगली असेल, तर ती बदलणेच श्रेयस्कर.

बाटलीतील पेट्रोल काही मिनिटे स्थिर ठेवल्यास आणखी एक गोष्ट समजते. तळाशी वेगळा थर किंवा गंजाचे कण दिसले, तर टाकीत पाणी अथवा गंज आहे. टाकी व कार्बोरेटर स्वच्छ केल्याविना अशी गाडी नीट चालणार नाही.

धार व्यवस्थित असेल तर जेटकडे वळावे. कार्बोरेटरमध्ये मंद गतीसाठी एक आणि अधिक गतीसाठी दुसरा जेट असतो. गाडी उभी असताना सुरळीत चालते पण अर्ध्याहून अधिक मूठ पिळल्यावर गुदमरते, तर मुख्य जेटमध्ये कचरा असण्याची शक्यता आहे. उलट मंद गतीवर बंद पडते पण वेगात ठीक चालते, तर मंद गतीचा जेट तुंबलेला असतो. जेट तारेने किंवा टाचणीने कधीही साफ करू नये. त्याचे छिद्र किंचित जरी मोठे झाले, तरी मिश्रणाचे प्रमाण कायमचे बिघडते. कार्बोरेटर क्लीनर आणि दाबाची हवा एवढेच त्यासाठी वापरावे.

इथेनॉलमिश्रित पेट्रोल आणि जुनी गाडी

अलीकडच्या काळात या विषयाला एक नवी बाजू प्राप्त झाली आहे. भारतात २०२२ साली पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले आणि २०२५ साली हे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉलच्या एका लिटरमधील ऊर्जा पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. निती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात, मूळ शुद्ध पेट्रोलसाठी बनविलेल्या व १० टक्के मिश्रणासाठी जुळविलेल्या दुचाकींची इंधन कार्यक्षमता २० टक्के मिश्रणाने ३ ते ४ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज दिला होता. ही घट अचानक शक्ती हरपण्याइतकी मोठी नाही. म्हणून प्रत्येक दोषाचे खापर इथेनॉलवर फोडणे योग्य ठरणार नाही.

तथापि दोन गोष्टी जुन्या गाडीच्या मालकाने जाणून घ्याव्यात. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. टाकीत पाणी मर्यादेबाहेर गेले की पाणी व इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि जड थर म्हणून तळाशी बसतात. तोटीचे तोंड तळाशीच असल्याने हा थर प्रथम कार्बोरेटरमध्ये उतरतो आणि गाडी एकाएकी ओढेनाशी होते. दुसरी गोष्ट म्हणजे जुन्या प्रकारच्या रबराच्या नळ्या व वॉशर अशा इंधनात फुगतात अथवा ठिसूळ होतात. उपाय कठीण नाहीत. गाडी कित्येक आठवडे बंद राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवावा, पावसाळ्यात झाकणाचे रबर तपासावे आणि जुन्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्यांनी बदलून घ्याव्यात.

हवेचा मार्ग

हवागाळणी धुळीने भरली की इंजिनला हवा कमी पडते, मिश्रणात पेट्रोल जास्त होते, धूर काळसर येतो आणि प्लगवर कोरडी काजळी जमते. फोमची गाळणी केरोसीनमध्ये धुऊन, वाळवून, तेलाचा हलका हात देऊन पुन्हा बसविता येते. कागदी गाळणी मात्र धुवायची नसते. ती ओली झाली असेल तर बदलावी. गाडी धुताना पाण्याचा झोत गाळणीच्या पेटीत शिरल्यामुळे धुतल्यादिवशीच गाडी अडखळण्याचे प्रकार घडतात.

याच्या उलट प्रकार कार्बोरेटर व इंजिन यांमधील रबरी जोड फाटल्याने किंवा त्याचे नट सैल झाल्याने होतो. तेथून जादा हवा आत शिरते, मिश्रण पातळ होते, गाडी ओढत नाही आणि तापते. या दोहोंतील फरक ओळखण्यास चोक उपयोगी पडतो. गाडीने दम टाकला असता चोक किंचित ओढावा. गाडी सुधारली तर मिश्रणात पेट्रोल कमी आहे, म्हणजे पुरवठा तुंबला आहे किंवा जादा हवा शिरत आहे. गाडी अधिक बिघडली तर पेट्रोल आधीच जास्त आहे, म्हणजे हवा कमी पडत आहे. एका खटक्याने शोधाची दिशा निश्चित होते.

प्रदूषण तपासणीच्या प्रमाणपत्राचाही येथे उपयोग आहे. त्यावरील कार्बन मोनॉक्साइडचा आकडा मागील प्रमाणपत्राच्या तुलनेत एकदम वाढला असेल, तर मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढले आहे असे समजावे. पुष्कळ ग्राहक हा कागद केवळ पोलिसांना दाखविण्यापुरता जपतात. प्रत्यक्षात तो इंजिनच्या प्रकृतीचा एक अहवाल आहे.

जळालेला वायू बाहेर पडण्याची वाटही मोकळी हवी. आरएक्स १०० सारख्या दोन-स्ट्रोक गाड्यांत पेट्रोलबरोबर तेलही जळते. त्यामुळे सायलेन्सरमधील नळी काजळीने भरते आणि गाडी एका ठरावीक वेगापुढे जातच नाही. दीर्घकाळ उभ्या असलेल्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये कुंभारीण माशीने मातीचे घर केले आहे काय, हेही पाहून घ्यावे.

ठिणगीचा मार्ग

प्लग हा इंजिनच्या अंतरंगाचा आरसा मानला जातो. इंजिन थंड झाल्यावर तो काढून पाहावा. टोकाचा रंग फिकट तपकिरी असेल तर ज्वलन ठीक आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढुरका रंग म्हणजे पेट्रोल कमी आणि इंजिन तापलेले, तर तेलकट काळा थर म्हणजे सिलिंडरमध्ये तेल शिरत आहे. प्लगमधील फट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाइतकी असावी. हे माप बहुधा मिलिमीटरच्या सहा ते आठ दशांश एवढे असते.

ठिणगी पाहण्यासाठी प्लग त्याच्या टोपीत बसवून त्याचा धातूचा भाग इंजिनच्या धातूला टेकवून किक मारावी. निळसर, टणत्कार करणारी ठिणगी चांगली. पिवळी, मंद किंवा अनियमित ठिणगी दोषदर्शक. ही तपासणी प्लगच्या छिद्रापासून दूर आणि पेट्रोल सांडलेले नसताना करावी. प्लगची तार हाताने धरू नये, कारण तिच्यातून हजारो व्होल्टचा प्रवाह जातो.

विजेच्या दोषांचे वैशिष्ट्य असे की ते उष्णतेने किंवा ओलाव्याने प्रकट होतात. इग्निशन कॉइल किंवा मॅग्नेटोमधील कॉइल थंड असताना ठीक असते, तापल्यावर तिच्या तारांतील बारीक तुटीमुळे काम सोडते आणि थंड झाल्यावर पुन्हा चालू होते. लक्षण झाकणातील छिद्राच्या दोषासारखेच दिसते. म्हणूनच गाडीने दम टाकलेला असतानाच तपासणी करावी लागते. थंड गाडी गॅरेजमध्ये नेल्यास ‘गाडीत काही दोष नाही’ असेच उत्तर मिळते. पावसाळ्यात प्लगची टोपी व तार यांना तडा गेला असेल तर ठिणगी बाहेरच्या बाहेर निसटते. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून पाहिल्यास तारेवर निळसर चमक दिसते.

जुन्या बुलेटमध्ये ठिणगीची वेळ कॉन्टॅक्ट ब्रेकर पॉइंट ठरवतात. त्यांचे पृष्ठभाग जळाले किंवा फट बदलली की ठिणगीची वेळ चुकते आणि शक्ती घटते. अशा गाडीत बॅटरीची सैल जोडणीही गाडीला अडखळविते.

सिलिंडरमधील दाब

वरील सर्व तपासण्या निर्दोष ठरल्या, तरच इंजिनच्या आत पाहण्याची वेळ येते. किक हाताने हळूहळू दाबली असता एका ठिकाणी स्पष्ट अडथळा जाणवला पाहिजे. किक पोकळ वाटत असेल तर दाब निसटत आहे. गॅरेजमध्ये दाबमापक यंत्राने ही तपासणी अचूक होते. दाब कमी आढळल्यास प्लगच्या छिद्रातून चमचाभर इंजिन तेल टाकून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. न वाढल्यास व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट दोषी आहे. ही साधी तपासणी केल्याखेरीज ‘बोअर-पिस्टन’ करण्यास संमती देऊ नये.

व्हॉल्व्ह व त्याला दाबणारा रॉकर यांमध्ये मिलिमीटरच्या काही शतांश एवढी फट ठेवलेली असते. ती नाहीशी झाली तर तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि दाब निसटतो. टॅपेट जुळवून घेणे एवढाच त्यावरील उपाय असतो. टॅपेटचा किंचित आवाज येत असला तर तो पूर्ण बंद करण्याचा आग्रह मेकॅनिककडे धरू नये. सायलेन्सरमधून सतत निळसर धूर येणे आणि तेलाची पातळी घटणे ही मात्र खऱ्या झिजेची लक्षणे होत.

क्लचकडे दुर्लक्ष नको

इंजिनचे आवर्तन वाढते, वेग वाढत नाही आणि विशेषतः चढावर वा वरच्या गिअरमध्ये हे जाणवते, तेव्हा क्लच घसरत असतो. प्रथम क्लचच्या दांडीला टोकाशी थोडी मोकळीक आहे काय ते पाहावे. तार अती ताणलेली असेल तर क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो. नुकतेच तेल बदलले असेल तर तेलाचा प्रकारही तपासावा. मोटारसायकलचा क्लच तेलात बुडालेला असतो, म्हणून तिला जासो एमए दर्जाचे तेल लागते. मोटारीसाठी बनविलेल्या काही तेलांतील घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांमुळे क्लचच्या प्लेटा घसरू लागतात.

एक उदाहरण

समजा, दैनिक ठेव गोळा करणाऱ्या एका प्रतिनिधीची २००४ सालची १०० सीसी गाडी आहे. रोज साठ-सत्तर दुकाने, त्यावर मिळणारे कमिशन आणि सायंकाळी ठरलेल्या वेळेत शाखेत भरणा, असा त्याचा दिनक्रम आहे. गेले चार दिवस गाडी निघाल्यापासून वीसएक मिनिटांनी उड्डाणपुलाच्या चढावर दम टाकते, दहा मिनिटे थांबल्यावर पुन्हा चालते. एके दिवशी भरण्यास उशीर होतो, दुसऱ्या दिवशी पंधरा दुकाने राहून जातात. गॅरेजमध्ये त्याला इंजिन उघडण्याचा सल्ला मिळतो. खर्च काही हजारांचा आणि गाडी तीन दिवस बंद.

आता क्रम लावून पाहू. दोष अचानक उद्भवला आहे. थंड झाल्यावर गाडी पूर्ण शक्तीने चालते, म्हणजे रिंगांची झीज हे कारण संभवत नाही, कारण झिजलेली रिंग दहा मिनिटांत बरी होत नाही. इंजिनचा आवाज वेगाबरोबरच मंदावतो, म्हणजे क्लच घसरत नाही. चोक ओढल्यावर थोडा वेळ सुधारणा होते, म्हणजे पेट्रोल कमी पडत आहे आणि ठिणगीवरील संशय मागे पडतो. मग दम टाकलेल्या क्षणी झाकण उघडले असता सुस्कारा ऐकू येतो आणि गाडी चढाव सहज चढते. छिद्र साफ करून किंवा नवे झाकण बसवून दोष दूर होतो. कोणतेही विशेष यंत्र न वापरता, केवळ चार प्रश्नांची उत्तरे क्रमाने मिळवून काही हजारांचा खर्च आणि तीन दिवसांची मिळकत वाचते.

दुरुस्ती की नवी गाडी?

जुन्या गाडीने वारंवार दगा दिला की वैतागून नव्या गाडीसाठी कर्ज घेण्याचा विचार बळावतो. निर्णय घ्यावा, पण निदानानंतर. वर्षभराच्या दुरुस्तीचा खर्च एका वहीत तारीख, किलोमीटरचा आकडा आणि केलेले काम यांसह लिहून ठेवावा. समजा, वर्षाला दुरुस्तीवर ६,००० रुपये लागले, तर महिन्याला ५०० रुपये झाले. नव्या गाडीचा हप्ता २,५०० रुपये असेल, तर फरक २,००० रुपयांचा आहे. त्यात गाडी बंद पडल्याने बुडणारी मिळकत आणि इंधनातील फरक मिळवून मगच तुलना करावी. नोंदणीचाही विचार हवा. खासगी दुचाकीची मूळ नोंदणी १५ वर्षांची असते आणि त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी नव्याने करून घ्यावी लागते. चेसिसला तडा गेला असेल, सुटे भाग मिळत नसतील किंवा इंजिनचे काम दोनदा होऊनही धूर थांबत नसेल, तर अशा गाडीत पैसे गुंतवीत राहणे शहाणपणाचे नाही.

गॅरेजमध्ये गाडी देताना लक्षणे नेमक्या शब्दांत सांगावीत. ‘गाडी चालत नाही’ असे सांगण्याऐवजी ‘वीस मिनिटांनी, चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये दम टाकते आणि चोक ओढल्यास सुधारते’ असे सांगितल्यास कुशल मेकॅनिकचे निम्मे काम होते. कामापूर्वी अंदाजपत्रक आणि कामानंतर काढलेले जुने भाग मागून घ्यावेत.

सुरक्षिततेचे नियम

वाहत्या रस्त्यावर शक्ती गेली तर एकदम ब्रेक न दाबता मागील वाहनांना हाताने इशारा देत डावीकडे यावे. घाटात वळणावर थांबू नये. दोन-स्ट्रोक गाडीचे तेल संपून पिस्टन अडकू लागल्यास मागचे चाक घसरण्याचा धोका असतो, म्हणून क्लच त्वरित दाबावा. पेट्रोलची तपासणी उघड्यावर, विडी-सिगारेट व ज्योतीपासून दूर करावी. बंद खोलीत इंजिन चालू ठेवू नये, कारण कार्बन मोनॉक्साइड हा रंग व गंध नसलेला वायू प्राणघातक ठरतो. वारंवार दम टाकणारी गाडी, दोष सापडेपर्यंत, पाठीमागे मुलांना बसवून महामार्गावर नेऊ नये.

प्लगपाना, एक राखीव प्लग, काचेची छोटी बाटली आणि गाडीची पुस्तिका एवढे साहित्य डिकीत किंवा सीटखाली सहज मावते. त्याच्या जोडीला दुरुस्तीची नोंदवही आणि वर सांगितलेला तपासणीचा क्रम असला, तर वीस वर्षांची मोटारसायकलही आपल्या मालकाची सेवा आणखी काही वर्षे निश्चितपणे करू शकेल.